कचेरीचा उंबरठा आणि अंगावरचे वस्त्र

महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी एक परिपत्रक काढून, मंत्रालयात आणि राज्य शासनाच्या इतर कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या स्त्री-पुरुषांनी कामावर येताना कोणता वेष परिधान करावा, हे लेखी ठरवून दिले. स्त्रियांनी साडी, सलवार अथवा चुडीदार-कुर्ता, किंवा पॅन्टवर कुर्ता वा शर्ट आणि आवश्यक तेथे दुपट्टा वापरावा. पुरुषांनी शर्ट-पॅन्ट वापरावी. गडद रंगांचे आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे घालू नयेत. जीन आणि टी-शर्ट यांना कार्यालयात मज्जाव राहील. पायांत स्लिपर नसावी. आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, सर्वांनी खादी वापरावी, अशा आशयाची कलमे त्यात होती. त्यांपैकी जीनचा निर्बंध पुढच्याच वर्षी शिथिल झाला. या परिपत्रकावर जो वाद माझ्या कानांवर आला तो जीन सभ्य की असभ्य एवढ्यापुरताच होता. मला मात्र त्यातील दुसरीच गोष्ट अधिक लक्षणीय वाटली. ज्या सलवारीला आणि पॅन्टवरच्या कुर्त्याला त्यात सन्मानाने जागा मिळाली होती, त्याच वस्त्रांकडे पाहून एका पिढीपूर्वी याच कचेऱ्यांत आणि शाळांत नाके मुरडली जात होती. आणि ज्या शर्ट-पॅन्टला त्यात पुरुषाच्या सभ्यतेचे प्रमाण मानले होते, तिच्याकडे आमच्या पणजोबांच्या पिढीतील शिष्ट माणसे साहेबी थाट म्हणून संशयाने पाहत असत.

पोशाखाचे दंडक काळाच्या ओघात आपोआप सैल होत जातात, किंवा तरुणांच्या लहरीने बदलतात, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या दोन शतकांचा महाराष्ट्राचा व्यवहार बारकाईने पाहिला तर ती समजूत टिकत नाही. ज्या ठिकाणी पूर्वी ज्यांना मज्जाव होता अशी माणसे, मग ती नव्या जातीची असोत, नव्या वर्गाची असोत वा स्त्रिया असोत, जेव्हा दरबारात, कचेरीत, शाळेत, गिरणीत शिरू लागतात, तेव्हा तेव्हा पोशाखाचा प्रश्न उपस्थित होतो. कारण तो प्रश्न वरवर कापडाचा असला तरी आतून प्रवेशाचा असतो. माझे सारे म्हणणे एवढेच आहे, आणि ते सिद्ध करण्यास पुरावा हवा तेवढा आहे.

पेशवाईत हुद्दा आणि वस्त्र यांचा संबंध इतका निकटचा होता की वस्त्रे देणे हीच नेमणूक होती. १७२० च्या एप्रिल महिन्यात पहिल्या बाजीरावास शाहू छत्रपतींनी पेशवेपदाची वस्त्रे दिली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पेशव्यास ती सातारच्या गादीकडूनच घ्यावी लागली. पुण्यात सारी सत्ता एकवटली तरी या रिवाजास फाटा देण्याचे धैर्य कोणी केले नाही. दरबारात जाताना मस्तक आच्छादित आणि पाय अनवाणी असावेत, हा त्या काळच्या अदबीचा पाया होता. उघडे डोके हे सुतकाचे लक्षण, आणि पादत्राणांसह बैठकीवर येणे हा यजमानाचा उपमर्द. इंग्रजांची रीत नेमकी उलट होती: आदर दाखवायचा तर डोक्यावरची हॅट काढायची, बूट मात्र पायांतच राहायचे. १८१८ नंतर हे दोन शिष्टाचार एकाच कचेरीच्या उंबरठ्यावर समोरासमोर आले, आणि राज्यकर्त्यांनी त्यांतून आपल्या सोयीचा निवाडा काढला. साहेब आपल्या रीतीने बूट घालून बसे, आणि नेटिव माणसाने मात्र आपल्या रीतीप्रमाणे जोडे बाहेर काढून यावे, असा आग्रह धरी.

हा आग्रह ज्यांना जाचू लागला ते इंग्रजी शिकलेले, इंग्रजी धाटणीचे बूट आणि मोजे घालणारे नवे लोक होते. त्यांचे म्हणणे असे की, चढाव किंवा पुणेरी जोडा पायांतून चटकन निघतो, आणि तो काढणे आमच्या रिवाजाला धरून आहे. पण नाडी बांधलेला बूट साहेबाच्या दारात खाली बसून काढणे यात अदब नसून मानखंडना आहे. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने ठराव करून, युरोपीय धर्तीचे बूट वापरणाऱ्या नेटिव गृहस्थांना सरकारी आणि निमसरकारी समारंभांत ते घालून येण्याची मुभा दिली. तरीही स्थानिक अधिकाऱ्यांचे वर्तन एकदम पालटले नाही. सुरतेच्या न्यायकचेरीत बुटांसह प्रवेश करू पाहणाऱ्या एका पारशी गृहस्थाचे प्रकरण १८६२ मध्ये बरेच गाजले, आणि त्यावर लेखी खल झाला. या सवलतीची मेख मात्र विलक्षण होती. देशी जोडा घातलेल्यास तो काढावा लागे आणि विलायती बूट घातलेल्यास तो काढावा लागत नसे. म्हणजे ज्याला मान राखून कचेरीत शिरायचे असेल त्याने आपला जोडा बदलावा, असाच या हुकुमाचा व्यवहारात अर्थ झाला. विलायती पादत्राणे आमच्याकडे शौकाने आली असे आपण मानतो. पण ती येण्यास सरकारी ठरावाने लावलेला हा हातभारही ध्यानात घेतला पाहिजे.

याच काळात कारकुनाचा आणि वकिलाचा तो प्रसिद्ध मिश्र वेष सिद्ध झाला, जो जुन्या छायाचित्रांत आपण आजही पाहतो: डोक्यावर पगडी वा पागोटे, अंगात बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे, कमरेला धोतर आणि पायांत बूट किंवा पुणेरी जोडा. अंगातला कोट नवा आणि कमरेचे धोतर जुने, अशी ही विभागणी पाहून पुढच्या काळातील काहींना मौज वाटली. परंतु तिच्यामागे भक्कम व्यवहार होता. बाराबंदीला बंद असत, बाहेरून खिसे नसत. कारकुनाच्या जवळ तर आता घड्याळ आले, पेन्सिल आली, टपालाचे कागद आले, पुढे रेल्वेचे तिकीट आणि पास आला. हे सारे उपरण्याच्या गाठीत किंवा कनवटीला लावून भागण्यासारखे नव्हते. कोटाला मात्र बाहेर दोन, छातीवर एक आणि आत एक, असे खिसे होते. कोटाने अंगरख्याला हटवले त्यात इंग्रजांच्या अनुकरणाइतकाच त्या खिशांचा वाटा होता, असे माझे मत आहे. धोतराच्या बाबतीत अशी कोणतीच निकड अद्याप उत्पन्न झाली नव्हती, म्हणून ते राहिले. त्यातही सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना वस्त्राच्या शिवणीपर्यंत पोहोचलेल्या असल्यामुळे, न शिवलेले धोतर सोडून पाटलोण चढवणे हे अनेकांना धर्मसंकट वाटे.

डोक्यावरच्या वस्त्राची कथा याहून लांबची आहे. पागोटे हे लांबच लांब पट्टीचे, रोज स्वतःच्या हाताने बांधायचे. पगडी मात्र कारागिराने एकदाच बांधून, शिवून सिद्ध केलेली, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची. ही कामगिरी करणाऱ्याला पगडबंद म्हणत. पगडीच्या बांधणीवरून आणि रंगावरून माणसाचे गाव, जात आणि पेशा ओळखू येत असे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले यांच्या प्रतिमा पगडीवाचून आपल्याला कल्पिताही येत नाहीत. तरीसुद्धा तिचे आयुष्य त्या पिढीबरोबरच संपत आले. ती जड होती, उष्ण होती, महाग होती, आणि पाऊस लागला की बिघडे. तिच्या जागी काळी टोपी आली, गोल किंवा होडीच्या आकाराची, सुटसुटीत आणि कोणालाही परवडणारी. टोपीने जातीची खूण बऱ्याच अंशी पुसली. त्यानंतर पांढरी टोपी आली आणि तिने पक्षाची खूण आणली. आणि शेवटी शहरांत टोपीच गेली, तेव्हा जे उघडे डोके आजोबांना अशुभ वाटले असते तेच नातवाला शहाण्यासुरत्या माणसाचे स्वाभाविक रूप वाटू लागले. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. आज ती लग्नात वराच्या आणि समारंभात पाहुण्याच्या डोक्यावर चार घटका बसते.

आतापर्यंत जे सांगितले ते ज्यांना कचेरीत शिरकाव होता त्यांच्याविषयी झाले. ज्यांना तो मुळातच नव्हता त्यांच्या वस्त्राचा इतिहास अधिक दुःखद आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पूर्वी कोणी काय नेसावे हे जन्माने ठरे, आणि राज्यसत्ता, धर्मसत्ता व गावगाडा ही तिन्ही त्या नियमाची राखण करीत. गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात स्थानिक ख्रिस्ती पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, असे बजावले होते. धर्म बदललेल्या माणसाने शेजाऱ्यासारखे दिसता कामा नये, हा त्यातील हेतू. घाटावरच्या गावांत याच्या उलट रीतीने तोच हेतू साधला जाई: अस्पृश्य मानलेल्या स्त्रीने लुगडे गुडघ्याच्या जरा खाली येईल इतकेच आखूड नेसावे, हातांत व गळ्यात पितळेचे वा कथलाचे जड दागिने घालावेत, म्हणजे ती दुरूनही ओळखू यावी.

महात्मा फुले यांनी २ मार्च १८८८ रोजी पुण्यात, ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत, शेतकऱ्याच्या वेषात उपस्थित राहून राजपुत्रापुढे भाषण केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जरतारी वस्त्रांत आलेली असताना, हिंदुस्थानची खरी प्रजा कशी दिसते हे त्यांनी आपल्या अंगावरील वस्त्रानेच दाखवले. ज्यांना आत घेतले जात नाही त्यांचा वेष त्यांनी मुद्दाम आत नेला. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी याच्या दुसऱ्या टोकाने प्रारंभ केला. परिषदेला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, तुमच्या जातीची खूण पटवणारे नेसणे आणि ते जड दागिने टाकून द्या, आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या स्त्रिया नेसतात तशी साडी नेसा. हा उपदेश लगोलग अमलात आला, हे त्याचे वैशिष्ट्य. दुसऱ्या दिवशी त्याच स्त्रिया घोट्यापर्यंत साडी नेसून दिसल्या, आणि ते नेसणे शिकवायला महाडच्या काही सवर्ण स्त्रियाही पुढे आल्या होत्या. स्वतः बाबासाहेबांनी सूट आणि टाय हा वेष वापरला. फुल्यांचा पोशाख आणि बाबासाहेबांचा पोशाख वरवर परस्परविरुद्ध दिसतात; माझ्या दृष्टीने ती एकाच दाराला दोन बाजूंनी दिलेली धडक आहे. आणि गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला सदरा-टोपी उतरवून पंचा स्वीकारला, तो याच मालिकेतील आणखी वेगळा निर्णय. परंतु ज्याला अंगभर वस्त्र घालण्याचीच मनाई होती त्याने वस्त्राचा त्याग कशाचा करायचा, हा प्रश्न महाडच्या त्या बायांच्या बाजूने विचारल्यावाचून राहवत नाही.

स्त्रियांच्या वेषाचे स्थित्यंतर पुरुषांच्या मागून आणि पुष्कळ अधिक विरोध सोसून झाले. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते कमरेभोवती घेऊन पुढे निऱ्या घालायच्या, निऱ्यांची खालची टोके पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचायचा, पुढे ओचा काढायचा, आणि उरलेला पदर छातीवरून खांद्यावर अथवा डोक्यावर घ्यायचा. हे नेसणे अंगमेहनतीच्या कामाला अत्यंत सोयीचे होते. त्यात वाकता येई, पळता येई, शेतात भात लावता येई, डोईवर पाटी घेऊन चढ चढता येई. त्या वस्त्राची घडणच कष्टकरी बाईच्या हालचालीने ठरवलेली होती. मुंबईच्या ससून गोदीतील कोळिणी ते आजही नेसतात ते परंपरेच्या अभिमानाने आणि कामाच्या सोयीनेही. परंतु शिकलेल्या स्त्रीचे कार्यक्षेत्र जसे पालटले तशी या नेसण्याची अडचण भासू लागली. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना तेथील थंडीत पोटऱ्या उघड्या ठेवणारे नऊवारी लुगडे झेपेना, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीचे, पाय झाकणारे नेसणे स्वीकारले. साडी मात्र सोडली नाही. १८८५ मध्ये फिलाडेल्फियात जपानच्या आणि सिरियाच्या सहाध्यायिनींसमवेत त्यांचे जे छायाचित्र घेतले गेले त्यात तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. परदेशात, वीस-एकवीस वर्षांच्या वयात, एकाकी राहून त्या मुलीने हवामान आणि अस्मिता यांच्यामध्ये जो मार्ग काढला तो तिच्यावर टीका करणाऱ्या येथील मंडळींच्या कल्पनेत येणेही कठीण होते.

याच्या आधी मुंबई इलाख्यातच आणखी एक प्रयोग घडला होता. पहिले हिंदी सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक १८६४ मध्ये या इलाख्यात झाली, आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांना अधिकाऱ्याची सहधर्मचारिणी म्हणून लोकांत वावरणे भाग पडले. बंगालमध्ये घरातल्या घरात नेसण्याची एकपदरी साडी त्यासाठी अपुरी होती. त्यांनी मुंबईच्या पारशी स्त्रियांचे नेसणे पाहून, आत परकर आणि पोलके घालून नेसण्याची एक पद्धती बसवली आणि ती बंगालात नेली. आज सर्व हिंदुस्थानात जे गोल नेसणे प्राचीन म्हणून मिरवले जाते त्याच्या अलीकडच्या इतिहासात, घराबाहेर पडू लागलेल्या स्त्रीची ही निकड अशी दडलेली आहे. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारका’तून स्त्रियांनी चोळ्या सोडून जाकिटे घालावीत असे लिहिले, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, पुढे बटनांचे पोलके घरोघर गेले, आणि तो वाद कोणाच्या स्मरणातही राहिला नाही. नेसण्याच्या नेटकेपणाचे धडे त्या काळच्या कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवरच्या बालगंधर्वांकडून, म्हणजे एका पुरुष नटाकडून, घेतले, ही घटना मला त्या काळाच्या कुचंबणेविषयी पुष्कळ काही सांगून जाते; अनुकरणासाठी चारचौघांत मोकळेपणाने वावरणारी स्त्रीच त्यांच्या समोर नव्हती.

पाचवारी साडीने नऊवारीची जागा घेतली ती शाळा-कॉलेजे, आगगाडी आणि नोकरी यांच्या पाठोपाठ. आरंभी ‘गोल’ नेसणारीकडे वडीलधाऱ्या बायका नाराजीने पाहत, आणि घरी आल्यावर कित्येकींना पुन्हा काष्टा घालावा लागे. तीच पाचवारी मग एका पिढीत शालीनतेची कसोटी होऊन बसली, आणि जेव्हा सत्तर-ऐंशीच्या दशकांत नोकरदार मुली सलवार-कमीज, म्हणजे आपल्या बोलीतला पंजाबी ड्रेस, घालू लागल्या, तेव्हा तिच्या बाजूने तीच हत्यारे उपसली गेली जी पूर्वी तिच्याविरुद्ध उपसली होती. सकाळची गर्दीची लोकल धरताना निऱ्या सांभाळाव्या, की पर्स सांभाळावी, की दांडा धरावा, या पेचातून जी बाई रोज गेली तिला या वादाचे उत्तर देण्यास ग्रंथांची आवश्यकता नव्हती. शिक्षिकांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत अधिक काळ रेंगाळला, कारण शिक्षिकेने साडीच नेसावी ही अपेक्षा शाळेच्या चालकांइतकीच पालकांचीही असे. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयात शिक्षिकांना साडी अथवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा, आणि शिक्षकांना शर्ट-पॅन्ट, तीही शर्ट आत खोचून, असे सांगितले आहे. जीन आणि टी-शर्टला येथेही मनाई आहे. मला या निर्णयातील स्वच्छतेचा व नेटकेपणाचा आग्रह मान्य आहे. परंतु दुपट्टा हे वस्त्र जेव्हा सरकारी कागदात येते, तेव्हा स्त्रीच्या शरीराविषयी इतरांना वाटणाऱ्या संकोचाची जबाबदारी तिच्याच खांद्यावर टाकली जाते, आणि पुरुषांच्या यादीत त्या तोडीचे एकही कलम नसते, हे मला कोणत्याही अर्थाने न्याय्य वाटत नाही.

घरच्या वस्त्रातही असेच एक शांत परिवर्तन झाले, ज्याची दखल लेखकांनी फारशी घेतली नाही. चाळींत आणि वसाहतींत गाऊन, ज्याला कोणी मॅक्सी म्हणतात, हा घरकामाचा सर्वमान्य वेष झाला. तो घालून भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत उतरायचे झाले तर वरून एक ओढणी घ्यायची, हा नियम कोणत्याही परिपत्रकाने घातला नाही, आणि तो बिनचूक पाळला जातो.

पुरुषाचे धोतर कचेरीतून गेले त्याची कारणे अशीच रोजच्या व्यवहारातील आहेत. पुण्यासारख्या शहरात सायकल आली, आणि धोतराचा सोगा साखळीत अडकू लागला. गिरण्यांत आणि कारखान्यांत फिरते पट्टे आले. सैल वस्त्र यंत्रात ओढले जाण्याचा धोका इतका खरा होता की, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या बाविसाव्या कलमात, चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करणाऱ्या कामगाराने घट्ट बसणारे कपडेच घातले पाहिजेत, आणि ते मालकाने पुरवले पाहिजेत, अशी तजवीज करावी लागली. दुसऱ्या महायुद्धाने खाकी आणि बुशशर्ट यांची ओळख गावोगाव करून दिली. त्यापाठोपाठ कृत्रिम धागा आला. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी जो पॉलिस्टरचा धागा सिद्ध केला, तो टेरिलिन आणि टेरिकॉट या नावांनी आमच्या मध्यमवर्गाच्या घरांत शिरला. सुती कपड्याला परीट लागे, नीळ लागे, कांजी लागे, कोळशाची इस्त्री लागे. परीटघडीचा सदरा हे ज्याला परवडते त्याचेच भूषण होते. टेरिकॉटची पॅन्ट रात्री धुऊन दोरीवर टाकली तर सकाळी घडी न मोडता घालता येई. ती उन्हाळ्यात अंगाला चिकटे आणि घाम शोषत नसे, तरी दोन जोड्यांवर वर्ष काढणाऱ्या कारकुनाला तिने पहिल्यांदाच नीटनेटके दिसण्याचा हक्क स्वस्तात दिला, आणि म्हणून तिची हेटाळणी मी कधी करू शकत नाही. खेड्यांत लेंगा-सदरा आणि पांढरी टोपी यांनी मुंडासे-पैरणीची जागा घेतली तीही थोड्याफार फरकाने याच हिशेबाने.

वकिलांचा काळा कोट मात्र या सर्व बदलांना पुरून उरला आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने घातलेल्या नियमांनी तो आणि गळ्यातील पांढरे बँड बंधनकारक केले. सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतरत्र उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही, एवढीच त्यात सवलत आहे. नागपूरच्या वैशाखात उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाणाऱ्या वकिलाला तीही लागू नाही. १३ मे २०२० रोजी, साथीच्या काळात, दूरदृश्य प्रणालीने सुनावणी होत असेपर्यंत पांढरा शर्ट, पांढरा सलवार-कमीज वा पांढरी साडी आणि पांढरा बँड पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले, आणि न्यायदानात त्यामुळे कोठे उणे पडल्याचे दिसले नाही. जपान सरकारने २००५ पासून उन्हाळ्यात टाय आणि कोट सोडून कार्यालयांत वातानुकूलनाचा पारा २८ अंशांवर ठेवण्याची मोहीम चालवली. आपले हवामान तर त्याहून कठोर. आपण मात्र आधी कोट चढवतो आणि मग तो सोसावा म्हणून खोली थंड करतो.

आता आजच्या स्थितीकडे वळू. हिंजवडीच्या एखाद्या संगणक कंपनीच्या फाटकापाशी सकाळी नऊ-साडेनऊला उभे राहिले म्हणजे दोन शतकांच्या या इतिहासाने घेतलेले वळण स्पष्ट दिसते. आत जाणारा तरुण टी-शर्ट, जीन आणि कापडी बूट घालून येतो. आरंभी या कंपन्यांतही टायचा आणि शुक्रवारच्या सवलतीचा शिरस्ता होता, पण इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीने २०१५ मध्ये सर्व आठवडाभर साध्या वेषाची मोकळीक दिली, आणि पुष्कळ ठिकाणी हीच वहिवाट पडली. त्या तरुणाला दार उघडते ते गळ्यातील ओळखपत्रामुळे. यंत्र कार्ड तपासते, कापड तपासत नाही. आणि त्याच दारात जो पहारेकरी उभा असतो त्याच्या अंगावर मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, कमरेला रुंद पट्टा, गळ्यात टाय, डोक्यावर कॅप आणि पायांत जड काळे बूट, असा सारा सरंजाम एप्रिलच्या उन्हातही असतो. त्या वेषाचे कापड कृत्रिम धाग्याचे असते, आणि दिवसभर तो उतरवण्याची त्याला मुभा नसते. हॉटेलातील वाढपी, दुकानातील विक्रेता, घराघरांत पाणी गाळण्याची यंत्रे विकत फिरणारा मुलगा, यांचीही तीच तऱ्हा. घरपोच जेवण नेणाऱ्याच्या अंगावर कंपनीच्या रंगाचा सदरा असतो. औपचारिक वेष एके काळी ज्यांच्या अधिकाराचे चिन्ह होता ते त्यातून मोकळे झाले, आणि तो वेष खाली उतरत जाऊन ज्यांना नकार देता येत नाही त्यांच्या अंगावर येऊन स्थिरावला.

कलेक्टर कचेरीतील पट्टेवाला हा या पद्धतीचा पूर्वज होय. साहेबाचा सूट त्याच्या मर्जीचा. पट्टेवाल्याचा लाल पट्टा आणि पितळी बिल्ला मात्र सरकारच्या मर्जीचा. निळी अर्धी विजार आणि पिवळी टोपी घालून मुंबईच्या रस्त्यांवर पावसात उभा राहणारा जुना पोलीस शिपाईही त्याच कुळीतला. त्याचा वरिष्ठ पुऱ्या विजारीत आणि तो चाळिशीतही उघड्या गुडघ्यांनी, हा भेद त्या गणवेशाने वर्षानुवर्षे जपला. गणवेश स्वतः वाईट नाही. एस. टी. च्या वाहकाला खाकीमुळे गर्दीत ओळखता येते, दवाखान्यातील परिचारिकेला तिच्या वेषामुळे रुग्ण निःशंकपणे हाक मारतो, आणि शाळेच्या गणवेशाने श्रीमंत-गरीब मुलांतील अंतर काही तासांपुरते तरी झाकले जाते. आक्षेप घ्यायचा तो गणवेश ठरवणाऱ्याला तो कधीच घालावा लागत नाही, याला. ज्या कारखाने अधिनियमाने फिरत्या पट्ट्यापाशी जाणाऱ्या माणसाचे कपडे मालकाच्या खर्चाने आणि त्या माणसाच्या रक्षणासाठी असावेत असे ठरवले, त्याच्यामागचा न्याय फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही लावता येईल: कापड सुती असावे, बाह्या आखूड असाव्यात, टाय काढून टाकावा, बसायला खुर्ची आणि वर छप्पर असावे, आणि वर्षाचे जोड कंपनीने द्यावेत. जीन चालेल की नाही यावर ज्या तळमळीने परिपत्रके निघतात आणि मागे घेतली जातात, त्या तळमळीचा काही अंश या माणसाच्या वाट्याला आला तर मला ते हवे आहे.